धुतलेल्या तिसऱ्या

आबा,

नाताळच्या सुट्टीत लेक घरी आली होती आणि तिनं तुमचं ते डुकराचं मटण केलं, तिसऱ्या घालून. एवढं एक वाक्य लिहिलं आणि मी मागं वळून बघितलं, आई उठली की काय म्हणून. साठी जवळ आली, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, तरी डुक्कर हा शब्द घरात उच्चारताना माझा आवाज आपोआप खाली येतो. तुम्ही म्हणायचा, "सावलीला भेणारी पोरगी ही, मिलिटरीवाल्याच्या पोटी कशी आली कुनास ठावं!" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसंच माझं झालं. पण आता जी भीती मनात बसली आहे, ती कुणापाशी बोलायची सोय नाही. लेकीला एकदा सांगून झालं. आईला सांगता येत नाही. उरलात तुम्ही.

तुमचे रविवार आठवताहेत. आपलं गाव कराडच्या वर, कोयनेच्या काठी. पलटणीतली तुमची शेवटची वर्षं गोव्यात गेली आणि मडगावजवळ ज्या म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंच्या घरात तुम्ही भाड्यानं राहिलात, त्यांनी तुम्हाला हा पदार्थ शिकवला. पोर्तुगालातल्या लोकांचं हे सणाचं जेवण, असं त्या म्हणायच्या म्हणे. पेन्शनीत निघून घरी आलात ते एक ट्रंक, माडाच्या व्हिनेगरची बाटली आणि हे वेड घेऊन. गावात रानडुक्कर कुणी मारलं तर त्याचा वाटा घरोघरी चवीनं खाल्ला जायचा, पण पाळलेल्या डुकराचं नाव काढलं की तीच माणसं थुंकायची. तुम्ही मात्र मिरजेहून मटण आणायचात. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, चिपळूणहून घाट चढून येणाऱ्या एसटीतून ओल्या गोणपाटात यायच्या. त्या गाडीचा कंडक्टर तुमच्याच पलटणीतला. भाजीच्या पिशवीसारखी ती गोणी तो तुमच्या हातात द्यायचा आणि घंटी मारायचा.

परड्यात तुम्ही तीन दगडांची चूल मांडून उकिडवे बसला आहात. मटण आदल्या दिवसापासून लसूण, लाल मिरचीचं वाटण, तमालपत्र आणि व्हिनेगरमध्ये मुरलेलं आहे. पोर्तुगालात त्यात पांढरी वाइन घालतात. तुम्ही कॅन्टीनच्या रमचं एक टोपण घालता आणि दुसरं टोपण आई बघत नाही असं बघून तोंडात ओतता. मटण आपल्याच चरबीत लाल होतं. मग तिसऱ्या आत पडतात, वर झाकण, आणि आतून शिंपल्या उघडल्याचा टकटक आवाज यायला लागतो. "जी तोंड उघडत न्हाई ती फेकायची," तुम्ही मला बजावता, "उगं जबरदस्ती करून उघडायची न्हाई." शेवटी तळलेल्या बटाट्याच्या फोडी, मूठभर कोथिंबीर, लिंबू. आई मागच्या दारात तुमच्याकडं पाठ करून बसली आहे. पदर नाकाला. "आवं, ते भांडं उंबऱ्याच्या आत आनलं तर बघा हां," असं दर रविवारी एकदा म्हणते. घरात देवीचा टाक, त्यामुळं डुकराची चूल वेगळी, भांडी वेगळी, खाऊन आल्यावर तुम्हाला अंघोळ. तुम्ही सगळं पाळायचात. वर हसत म्हणायचात, "ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

मी कराडला कॉलेजात होते तेव्हाचा एक रविवार. जेवण करून तुम्ही हात धुवायला उठलात आणि तोंडावरून हात फिरवत म्हणालात, "ओठ जड झाल्यागत वाटतंय गं." बघता बघता ओठ सुजले, डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या, अंगभर गांधी उठल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. आई देवघरात धावली. भावकीतली माणसं जमली आणि सगळ्यांचं एकच निदान: डुकराचा विटाळ देवीला सोसला नाही. तुमच्या कपाळाला अंगारा लावला, तांब्याभर पाणी उतरून टाकलं. दोन-तीन तासांत सूज आपोआप ओसरली, पण अंगाऱ्याची बाजू भक्कम झाली. संध्याकाळी तुम्ही देवीपुढं बसून डुक्कर सोडल्याची शपथ घेतलीत. तिसऱ्यांचा कुणाच्या मनात संशयसुद्धा आला नाही. पाण्यातलं ते पाण्यानं धुतलेलं, त्याला कसला विटाळ, असा आपला सगळ्यांचा हिशेब होता. त्याच सुमारास मी कॉलेजात प्राण्यांच्या शरीराची रचना पाठ करत होते. माझ्याही डोक्यात आलं नाही.

पुढं दोन पावसाळे तुम्ही शब्द पाळलात. मटणाशिवाय तिसऱ्या आणायच्या तरी कशाला, म्हणून त्याही बंद. रविवारी परड्यात नुसतेच जाऊन बसायचात, चुलीचे दगड सारखे करायचात. आईला ते बघवेना. एकदा तुम्ही डोळे दाखवायला मिरजेला गेला होता, त्या दिवशी तिनं त्या कंडक्टरकडून गुपचूप तिसऱ्या मागवल्या. तुमचाच लसूण, तुमचंच मिरचीचं वाटण, फक्त मटण नाही. जन्मात पहिल्यांदा तिनं त्या घरातल्या चुलीवर शिजवल्या. तुम्ही संध्याकाळी परत आलात तेव्हा ताट वाढलेलं होतं. "डुक्कर न्हाई तर न्हाई, शिंपल्या तरी खावा," ती म्हणाली. तुम्ही एकेक शिंपली चोखून खाल्लीत आणि म्हणालात, "सुभेदारीनबाई, पास झालात." आई लाजली होती. मी तिला लाजताना तेवढं एकदाच बघितलं.

मग तुम्ही घसा धरलात. जीप मिळेपर्यंत श्वासाची शिट्टी वाजायला लागली होती आणि कराडचा पूल दिसायच्या आधी ती थांबली. मी तुमचे पाय मांडीवर घेऊन बसले होते. ते पाय आजही मला मांडीवर जड लागतात, आबा.

दिवस घालायच्या आतच आईला कारण सापडलं. तुम्ही मिरजेला गेला होता. मिरजेत डुकराचं मटण मिळतं. म्हणजे तुम्ही शपथ मोडून चोरून खाल्लंत आणि देवीनं सोडलं नाही. भावकीनं मान डोलावली. त्या दिवसापासून आजपर्यंत आई तुमच्या फोटोशी भांडते आहे. "तोंडाचं चोचलं नडलं," "देवीम्होरं बसून शपथ घेतली आन् माघारी जाऊन खाल्लं." फोटो पुसताना तुमच्या नाकावर फडकं जरा जोरानंच फिरवते. मला वाईट वाटायचं, पण खोटं कशाला बोलू, मीसुद्धा ते खरंच मानत होते. शिवाय या रागावर ती उभी राहिली. रडत बसली असती तर लवकर संपली असती. तुमच्याशी भांडण राहिलं आहे म्हणून जणू ती पंच्याऐंशी ओलांडून गेली.

माझे मालक गेल्यापासून आई माझ्याजवळ असते, माधवनगरला. देवीचा टाक घेऊनच आली. दोघी म्हाताऱ्या, एक टीव्ही आणि एक देवी असा आमचा संसार. लेक पुण्याला असते. तिनं फोनवर कुठला तरी व्हिडिओ बघितला, पोर्तुगालातली एक बाई घरच्या स्वयंपाकघरात डुकराचं मटण आणि शिंपल्या एका भांड्यात करताना. मला फोन करून ओरडलीच, "आई, हे तर आजोबांचं!" तिनं सगळं सामान पुण्याहूनच बर्फाच्या डब्यात भरून आणलं, बरोबर नात. आईपुढं उभी राहून तिनं सरळ परवानगी मागितली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. आईनं निकाल दिला, "तू परक्या घरची झालीस, तुझी देवी येगळी. गच्चीवर कर. आन् ते भांडं जाताना संगं घिऊन जा." दुपारी लेक गच्चीवर शेगडी मांडून बसली, तर जिन्याखालून आईचा आवाज, "लसूण चिरू नगंस गं, ठेचून घाल! ते ठेचूनच घालायचे." ते म्हणजे तुम्ही.

वास आला आणि मी कॉलेजातली पोरगी झाले, भिंतीला टेकलेली. लेकीनं आग्रह केला. मटणाला हात लावायची माझी छाती झाली नाही. विज्ञान शिकवलेली बाई मी, मटण चमच्यानं बाजूला सारलं आणि एक तिसरी उचलली. तेवढी चालेल, असं मनात म्हटलं. खारट, आंबट, लसणाची. तुमच्या परड्यातलीच चव. थोड्या वेळानं ओठ जड झाल्यासारखे वाटायला लागले.

लेक हुशार. माझं तोंड बघितलं आणि तिनं स्कूटर काढली. नातीला आईजवळ ठेवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या घशात कुणी बोळा कोंबला आहे असं वाटत होतं. त्या वाटेवर मी देवीची क्षमा मागत होते, हेही सांगून टाकते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि घसा मोकळा झाल्यावर विचारलं, "शिंपल्या खाल्ल्या होत्या का?" मी म्हटलं, एकच. "एकही पुरते. ॲलर्जी आहे तुम्हाला. पहिल्यांदा नुसती सूज येते, पुढच्या वेळी जिवावर बेतू शकतं. रक्ताच्या नात्यात कुणाला असं झालं होतं?"

आबा, त्या एका प्रश्नात तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. सुजलेले ओठ, गांधी, अंगारा. मग ते ताट. मिरजेत तुम्ही काही खाल्लं नव्हतं. तुम्ही डोळे दाखवायला गेला होता आणि डोळे दाखवून परत आला होता. तुम्हाला देवीनं मारलं नाही आणि डुकरानंही नाही. तुम्हाला आईनं मायेनं वाढलेल्या ताटानं मारलं, आणि ती बिचारी इतकी वर्षं तुम्हाला चोर म्हणते आहे. डॉक्टरांना वाटलं मला प्रश्न ऐकू आला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

उत्तर लेकीनं दिलं, पण वेगळंच. "माझ्या मुलीला कोळंबी खाल्ल्यावर अंगावर उठलं होतं, मागच्या महिन्यात वाढदिवसाला. मी उष्णता समजले." डॉक्टर म्हणाले, तिला मग यातलं काहीच देऊ नका, तपासणी होईपर्यंत एक कणही नाही. आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. पोरगी आईजवळ होती. भांडं गच्चीवर होतं. पोर भुकेली झाली असणार, आणि आई तिला डुक्कर देणार नाही, जीव गेला तरी आपल्या हातानं देणार नाही. आई तिला काय देईल हे जगात मला एकटीला माहीत होतं.

लेकीनं फोन लावला. आईचा फोन नेहमी उशाखाली असतो, वाजत राहिला. मी सलाईनची नळी ओढून काढली. डॉक्टर ओरडत होते, थांबा, अजून काही तास इथंच राहायला हवं. मी स्कूटरवर मागं बसले, हाताच्या पट्टीतून रक्त येत होतं. रस्त्यात साखर कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, वर गाण्याचा भोंगा. लेक हॉर्न वाजवते आहे, तो पठ्ठ्या गाणं ऐकतो आहे. मी आयुष्यात एवढी कधी भ्याले नाही. तुमच्या वेळी जीपमध्येसुद्धा नाही, कारण तेव्हा काय होतं आहे हे मला कळत नव्हतं. आता कळत होतं आणि हातात काही नव्हतं. मी त्या ट्रॅक्टरवाल्याला ज्या शिव्या दिल्या त्या तुम्ही ऐकल्या असत्या तर म्हणाला असता, पोरगी मिलिटरीवाल्याचीच आहे.

दार उघडंच होतं. आई स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलेली, समोर नात. आईचे गुडघे दुखतात, ती एरवी एक पायरी चढत नाही. त्या दिवशी भुकेल्या पोरीसाठी गच्चीवर जाऊन आली होती. ताटात भात, आणि भातावर तिसऱ्या, पांढऱ्या स्वच्छ. नळाखाली धरून तिनं एकेक चोळून धुतल्या होत्या, मसाल्याचा लाल ठिपकासुद्धा ठेवला नव्हता. शिंपलीतून काढलेला एक घास तिच्या बोटांत होता आणि नातीनं तोंड उघडलेलं होतं.

"आई!" मी ओरडले आणि ताट उडवलं. भात भिंतीपर्यंत गेला. पोर रडायला लागली, लेकीनं तिला उचललं, तिच्या तोंडात बोट घालून बघितलं. काही नव्हतं. पहिलाच घास होता तो.

आई माझ्यावरच ओरडली. "काय गं, येड लागलं का तुला? धुतल्यात मी. लय धुतल्यात. डुकराचं काय बी राह्यलं न्हाई त्याला."

मी जमिनीवर बसले. खरं माझ्या ओठांवर होतं, सुजलेल्या ओठांवर. ते बोलले असते तर तुमच्यावरचा आळ त्याच क्षणी पुसला गेला असता. पण ती समोर बसली होती, बोटांत तो घास अजून तसाच धरून, आणि मला तिचा लाजलेला चेहरा आठवला. मी म्हटलं, "आई, शिंपल्या चालत नाहीत. आपल्या देवीला. गुरवानं सांगितलंय. तुझ्या हातून कुणाच्या पोटात जायला नकोत." ज्या अंगाऱ्यानं तुमच्या वेळी आम्हा सगळ्यांचे डोळे झाकले, तोच मी तिच्या कपाळाला लावला.

"कवा सांगितलं?"

"आत्ताच. मागच्या पौर्णिमेला."

हातातला घास आईनं जमिनीवर ठेवला, हात पदराला पुसला. म्हातारपणी सगळं विसरते ती, काल काय खाल्लं ते विसरते, पण तुम्हाला त्या संध्याकाळी वाढलेलं ताट तिला लख्ख आठवत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. देवघराकडं बघत हळूच म्हणाली, "म्हंजी त्येनी चोरून खाल्लं नव्हतं म्हन की."

लेक नातीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिला काही कळलं नाही, तिनं फक्त माझा चेहरा बघितला. मला एवढंच दिसत होतं की आई आता पुढचा प्रश्न स्वतःलाच विचारणार. तो विचारला की ती त्या दिवसाकडं परत जाणार, त्या चुलीकडं, त्या ताटाकडं, आणि तिथून ती परत येणार नाही.

"खाल्लंच असेल आई," मी म्हटलं. "आबांना कुठं राहवायचं? मिरजेला गेले होते ना."

तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. "खाल्लंच व्हतं," ती म्हणाली. "मला ठावं न्हाई व्हय त्यांची जीभ! चोर मेला." आणि भिंतीवरचा भात गोळा करायला लागली.

नंतर मी दवाखान्यात परत गेले, डॉक्टरांची बोलणी खाल्ली. लेकीला तिथल्या बाकावर बसून सगळं सांगितलं. नातीची पुण्याला तपासणी झाली, तिला शिंपल्या-कोळंबीचं वावडं निघालं. आता तिच्या दप्तरात आणि माझ्या पर्समध्ये इंजेक्शन असतं. ती भीती आवरता येते. आईबद्दलची आवरत नाही. ती देवघरात जरा जास्त वेळ बसली की मी दारात जाऊन उभी राहते. काल फोटो पुसताना तिचं फडकं तुमच्या नाकावर थांबलं आणि माझा श्वास थांबला. मग तिनं ते नेहमीसारखं जोरात फिरवलं, आणि मला हायसं वाटलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. लिहून झालं की फाडून बंबात घालीन, आईच्या अंघोळीचं पाणी तापेल. तुम्ही शब्द पाळला होता, हे जगात आता मला आणि लेकीला माहीत आहे, आणि आम्ही दोघी ते कुणाला सांगणार नाही. एक गोष्ट मात्र तुमच्यापाशी कबूल करते. आईसमोर तुम्हाला पुन्हा चोर ठरवताना मला वाटलं होतं, आवाज फुटणार नाही, शब्द अडकतील. तसं काही झालं नाही, आबा. अगदी सहज बोलले.